नळकांड्यातली झोप

बरी झाली तर थोरल्या सुनेला काय मिळणार होतं? दोन्ही वेळचा स्वयंपाक, दोन मजल्यांचं झाडणं-पुसणं आणि वरच्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं सगळं. एवढ्या इस्टेटीसाठी कोण बरं होईल! पण तूर्त हे घोंगडं धाकट्या जावेच्या गळ्यात होतं, आणि तिच्या शिवण कारखान्याने निरोप धाडला होता: सोमवारी ये, नाहीतर येऊच नकोस.

कोविड कधीच सरला. त्याचा थकवा मात्र पाहुणा म्हणून येऊन घरजावई झाला होता. चार पायऱ्या चढल्या की थोरलीला धाप लागे, बोलता बोलता शब्द हरवत. डॉक्टरीणबाईंनी दाबाखाली प्राणवायू द्यायचं ठरवलं. "काहींना गुण येतो, काहींना नाही. खात्री देत नाही," त्यांनी आधीच सांगितलं.

काचेसारख्या पारदर्शक, माणूस मावेल एवढ्या नळकांड्यात सुती कपड्यांत आडवं व्हायचं. आगीच्या भीतीने केसांना तेल नको, फोन नको. दाब वाढून कानांना दडे बसले की यंत्रवाला बाहेरून माइकवर म्हणे, "मावशी, जांभई द्या!"

"घरी दिली की टोमणे, बाबा. आणि इथं आग्रह!"

मग थोरली गाढ झोपे. घरी परतली की चेहरा टवटवीत.

"यंत्राची हवा मानवली हो हिला!" सासूबाई म्हणत.

मानवली होती ती झोप, जिच्यात कुणाची हाक येत नव्हती. धाप जिथल्या तिथे होती. थोरलीला ते पक्कं ठाऊक होतं.

उपचार संपले. शेवटच्या तपासणीला दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात चालून दाखवायचं होतं. धाकटी सोबत आली.

"ताई, दमलात तर थांबा हं. कारखान्याला मी नाही म्हणून कळवते."

"गप बस. मोठी आली कळवणारी!"

थोरली भिंतीला हात न लावता टोकापर्यंत गेली, वळली, परत आली. ओठ पांढरे पडले होते.

"खरं सांगा, फरक वाटतो?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. "वाटतो ना. चांगलाच."

सोमवारी धाकटी कामावर गेली. सासऱ्यांच्या अंघोळीचं गरम पाणी घेऊन थोरली जिना चढू लागली.

सासूबाईंना सून परत मिळाली, धाकटीला तिची शिलाई मशीन, आणि डॉक्टरीणबाईंना गुण आलेली आणखी एक रुग्ण. या सगळ्यांचं देणं थोरली जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून फेडत होती. बादली शेजारी, आणि धापेचा आवाज खाली जाऊ नये म्हणून तोंडावर हात दाबलेला.