बेंडूक माह्या बांधीतला

बेंडूक माह्या बांधीतला. गोंडपिपरीले आमच्या धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात उतरून मीच त्याले पकडला अन चंद्रपूरच्या कॉलेजात आणला. अन त्याच्या कातडीवरच्या चिकटात जखमेतले जंतू मारणारा प्रोटीनचा तुकडा कोणाले सापडला? इकराले. माह्याच बाजूच्या टेबलावर बसून. तेव्हापासून माह्या पोटात दुखून राह्यलं.

असा तुकडा, म्हणजे पेप्टाइड, बेंडकातून पुरेसा निघत नाई. त्याचा क्रम लिहून बाहेरच्या कंपनीले पाठवा लागते, ते तस्साच बनवून देते. माह्या बी एक तुकडा रांगेत होता, पण आमच्या गाइड सरांनी एकाच ऑर्डरले हो म्हटलं, अन ते इकराच्या. "रीता, तुझं पुढच्या खेपेला बघू." पुढची खेप कधी, ते सर बी सांगत नाई. ज्याचा पेप्टाइड आधी आला, त्याची पीएचडी आधी. मी मान डोलावली अन बाथरूमात जाऊन रडली. घरी आईनं विचारलं, काऊन तोंड पाडलं, त तिच्यावरच खेकसली.

आज पार्सल आलं. बर्फाच्या डब्यात बोटाएवढी कुपी, तळाशी चिमूटभर पांढरं. आमच्या लॅबमधे नवीन काई आलं की आधी पूजा. आमचे शिपाई डोमाभाऊ निवांत हळदकुंकू लावते, नारळ फोडते, खोबरं वाटते. तोवर थंडं सामान आपोआप खोलीसारखं गरम होते. थांबा लागते हे इकराले कोणी शिकवलंच नाई, पूजेतच ते होऊन जाये. अन आज डोमाभाऊ सुट्टीवर.

श्रावणातली दमट हवा. थंडी कुपी उघडली की पावडर ओल ओढते अन सारा चिखल होते. मले ठाऊक होतं. इकरानं झाकणाले हात लावला. उघड न माय, उघड, माह्या मनात एवढंच.

"रीता, माह्या हातून सांडन," ती म्हणे. "तूच उघड न. बेंडूक तुह्या बांधीतला हाय."

अन कुपी माह्या हातात दिली. आता उघडली असती तरी तिचाच नास होता, अन मले कोणी बोल लावला नसता. किती सोपं होतं.

"थांब," मी म्हटलं. "थंडी हाय. आता उघडली त खराब होईन."

"या अल्ला. तू नसती त?"

मी कुपी मुठीत दाबून बसली. गरम व्हायले वेळ लागला नाई. इकरा स्टूल ओढून बाजूले बसली. "यातला अर्धा तू घे, तुहं बी काम सुरू होईन," ती म्हणे. "सरांशी मी बोलतो."

मले तिच्याकडं पाहवेना. बेंडूक माह्या, मूठ माही, पण कुपी हातात देऊन चांगलं वागणं बी तिनंच आधी केलं.