काउंटच्या कुत्र्याचं नाव

मी उर्वशी, आसगावची. घरी बसून इंग्रजीतले लेख मराठीत करून देते. त्या दिवशी वाट्याले आला जर्मनीतला सहाशे वर्षांआधीचा एक सरदार, काउंट डिटमार. खरं सांगू, त्या माणसाची मले किळस आली.

तीन बायका, नऊ लेकरं. जमिनीचे तुकडे होऊ नये म्हणून चार पोरी सात-आठ वर्षांच्या असतानीच मठात धाडल्या, अन् त्यायच्याकडून लिहून घेतलं की बापाच्या जमिनीवर आमचा हक्क नाही. पाचवी तं वंशावळीत नुसती 'एक मुलगी'. नावच नाही. अन् कबरीवर त्याच्या पायाशी कोरलेल्या कुत्र्याचं नाव मात्र बरोबर लिहून ठेवलं! "थू तुह्या खानदानावर," मी लॅपटॉपलेच म्हटलं.

तेवढ्यात माहा लहान भाऊ प्रितम कागद घेऊन आला. बाबाले, म्हणजे वासुदेवरावले, जाऊन दोन महिने झाले होते. तळ्याखालच्या शेतातल्या धानाच्या बांध्या आता वारसायच्या नावावर चढवाच्या होत्या.

"ताई, एवढी वंशावळ टाइप करून दे. तलाठ्याले द्याची आहे."

मयत वासुदेवराव. पत्नी कुंताबाई. मुलगा प्रितम. बस, एवढंच.

"अन् मी?"

"तू उद्या सासरी जाशीन. नाव टाकून कायले भानगड?"

"निर्लज्जा! माह्यं नाव कापलेली यादी मलेच टाइप कराले लावून राहिला?"

आई दारातून बोलली, "भांडू नोको बाई. माहेराचं दार उघडं राहू दे."

प्रितमनं पिशवीतून दुसरा, पिवळा पडलेला कागद काढला. "लय शहाणपण नोको शिकवू. आजोबा गेले तेव्हाची वंशावळ पाय. कोणाचं अक्षर आहे हे?"

अक्षर माह्यंच होतं. दहावीत होती मी. मयत केशवराव, मुलगा वासुदेवराव. आत्या नाहीच. बाबा म्हणाले होते, "रुपाचं राहू दे, तिच्या सासरी लय आहे." मी राहू देलं. अक्षर चांगलं काढलं म्हणून नवी कंपासपेटी भेटली होती मले. अन् थे रुपाआत्या दर भाऊबीजेले बाबाले ओवाळाले येत होती, जातानी माह्या हाती ड्रेसचं कापड ठेवत होती.

काउंटची आली नाही एवढी किळस मले त्या सुबक अक्षराची आली.

मी टाइप कराले बसली. मयत केशवराव. मुलगा वासुदेवराव. मुलगी रुपा.

"पागल झाली का तू?" प्रितम मागून ओरडला. "आत्याचं नाव टाकलं तं तुह्याही वाट्याचं कमी होईन!"

"होऊ दे."

बाबाच्या नावाखाली मी आईचं लिहिलं, प्रितमचं लिहिलं, अन् माह्यं लिहिलं. प्रितम पाय आपटत निघून गेला. मी कागद छापून आईपुढे ठेवला.

"कर सही."

आईनं पेन उचललं नाही. एकेका नावावरून बोट फिरवलं. मंग हळूच म्हणाली, "माह्या माहेरी, कारध्याले, बापाच्या कागदावर मी असन का वो?"