विकाऊ घरातला पसारा

घरमालकाने घर विकायला काढलं. ते आम्हाला कळवायचं काम त्याने एका एजंटवर सोपवलं, आणि एजंटने ते माझ्या सासूबाईंना सांगून उरकलं. दारात उभं राहून तो बराच वेळ काहीतरी समजावत होता, सासूबाई मान डोलावत होत्या. संध्याकाळी आम्ही कामावरून आल्यावर त्या म्हणाल्या, "एक फार सभ्य मुलगा येऊन गेला. न सांगता बूट बाहेर काढले त्याने." मग आठवण झाल्यासारखा एक कागद पुढे केला. तो वाचून नवरा खुर्चीत बसला तो अर्धा तास उठलाच नाही.

सासूबाईंना इथली भाषा येत नाही असं म्हटलं तर त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांना सहा भाषांतले मिळून चाळीसेक शब्द येतात आणि ते सगळे त्या एकाच वाक्यात वापरतात. आमच्या इमारतीत तेवढ्यावर उत्तम भागतं. समोर शिवणकाम करणारी बाई एका मुलुखातली, वरचा बसड्रायव्हर दुसऱ्या, खालचे विद्यार्थी तिसऱ्याच. त्या सगळ्यांच्या घरातली दुखणीखुपणी सासूबाईंना पाठ. हातवारे करून कुणाला कुठला विकार आहे ते त्या इतकं हुबेहूब सांगतात की बघणाऱ्याला तिथेच दुखायला लागावं.

मी पालिकेच्या कार्यालयात माणसं मोजते. म्हणजे कोण कुठून आलं, किती खोल्यांत राहतं, किती वर्षं टिकलं याची कोष्टकं बनवते. आमच्या उपनगरात शंभरातली ब्याऐंशी घरं फ्लॅट आहेत. त्यातली एकसष्ट भाड्याची. घरात बोलल्या जाणाऱ्या भाषा त्रेचाळीस. आणि एक भाडेकरू एका घरात सरासरी अडीच वर्षं राहतो. आम्ही या घरात नऊ वर्षं होतो. आपल्यामुळे माझी सरासरी बिघडते, असं मी घरी गमतीने म्हणायचे, आणि सासूबाईंना ते कौतुक वाटायचं.

आता गंमत संपली होती. राहायला घर हवं असलेल्या कुणी ते घेतलं, तर साठ दिवसांत आम्हाला निघावं लागणार होतं. भाड्याने द्यायला म्हणून घेतलं, तर आम्ही होतो तसे राहणार होतो. मुलीची शाळा चार मिनिटांवर, नवऱ्याचं काम आजूबाजूच्या इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त करायचं, सासूबाईंचं सगळं गणगोत एका जिन्यात. आणि भाडी अशी चढलेली की या भागात एवढ्याच पगारात दुसरं घर मिळणं कठीण, हे मला कुणी सांगायला नको होतं. ते कोष्टकही मीच केलं होतं.

नवऱ्याने योजना आखली. तीन शनिवार लोक घर बघायला येणार होते. "राहायला घेणारा माणूस घर बघतो. गुंतवणूकवाला नुसते आकडे बघतो," तो म्हणाला. "म्हणजे घर वाईट दिसलं पाहिजे. पहिले आपोआप पळतील, दुसरे राहतील." हुशार आहे माझा नवरा. कधीकधी त्याला ते स्वतःलाही सांगावंसं वाटतं.

पहिल्या शनिवारी सकाळी त्याने मागच्या खोलीतलं कपाट ओढून बाजूला केलं. त्यामागे भिंतीवर ओल होती, दोन हात लांब, काळपट. नळ ठिबकत ठेवला, वाटेत बुटांचा ढीग घातला, एका बिछान्यावर न घडी केलेले कपडे टाकले आणि समाधानाने कामावर गेला. मी मुलीला पोहायच्या वर्गाला सोडून दहाला परत आले, तर कपाट जागच्या जागी. नळाला चिंधी बांधलेली. पडदे इस्त्री केलेले. शिवणकामवाली बाई घाम पुसत दारातून बाहेर पडत होती. कपाट ढकलायला तिला बोलावलं होतं.

"आई, हे काय केलंत?"

"अगं, लोक येणारेत."

"त्यासाठीच तर पसारा घातला होता ना!"

"तो त्याने घातला होता," सासूबाई म्हणाल्या. "पण लोक माझ्याकडे बघणार."

चौदा माणसं आली. प्रत्येकाला त्यांनी पाणी दिलं. एका आजोबांनी खिडकीची काच बोटाने चाचपून पाहिली, कारण ती आहे की नाही याची त्यांना खात्री पटेना. एजंट तर हरखून गेला. या भागात मी चारशे घरं दाखवली असतील, असं घर बघितलं नाही, असं तो म्हणाला आणि ते भाषांतर करून सांगायची मला दुर्बुद्धी झाली. दोन दिवस सासूबाईंचे पाय जमिनीवर नव्हते. नवऱ्याने कपाळाला हात लावला.

दुसऱ्या शनिवारी तो आईला घेऊन बागेत गेला आणि पसाऱ्याची जबाबदारी माझ्यावर आली. मी बेसिनमध्ये कालची भांडी ठेवली. ओला टॉवेल सोफ्यावर टाकला. मुद्दाम लसूण करपवला. सगळं झकास जमलं होतं. मग लिफ्ट थांबल्याचा आवाज आला, एजंटचं बोलणं ऐकू आलं आणि मला काय झालं कोण जाणे. अनोळखी माणसं आता आत येणार आणि ही बाई अशी राहते म्हणणार, एवढंच डोक्यात आलं. टॉवेल उचलला, खिडक्या उघडल्या, भांडी ओव्हनमध्ये कोंबली. दार उघडलं तेव्हा मी धापा टाकत होते आणि घर लखलखत होतं. संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "कसं झालं?" मी म्हटलं, "बरेच लोक आले होते." ओव्हनमधली भांडी मी तो आंघोळीला गेल्यावर काढली. सासूबाईंनी ती बघितली. नुसत्या हसल्या. सासूचं असं हसणं सुनेला किती झोंबतं ते सांगून कळणार नाही.

तिसऱ्या शनिवारपर्यंत दोनच गिऱ्हाइकं खरी उरली. एक दातांचा डॉक्टर. त्याची आधीच तीन घरं भाड्याने दिलेली होती. त्याने घराकडे बघितलंच नाही, फोनवर बोलत एक चक्कर मारली आणि मला म्हणाला, "तुम्हीच राहता ना इथे? राहा की मग. नवे भाडेकरू शोधायला कुणाला वेळ आहे?" मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

दुसरं एक तरुण जोडपं होतं, आमच्यासारखंच भाड्याच्या घरांतून फिरून दमलेलं. तिला सातवा महिना होता. ती खोल्यांमधून हळूहळू फिरली, मागच्या खोलीत आली आणि हातांनी माप घेऊन नवऱ्याला दाखवायला लागली. पाळणा इथे, कपाटाच्या जागी. सासूबाई दारात उभ्या होत्या. तिच्या हातांकडे बघता बघता त्यांचा चेहरा बदलला.

त्या पुढे झाल्या. दोन्ही हातांत बाळ धरल्यासारखं करून झुलवलं, भिंतीकडे बोट दाखवलं आणि जोरजोरात मान हलवली. मग छातीवर हात ठेवून असं खोकून दाखवलं की एजंट दोन पावलं मागे सरकला. तेवढ्यावर भागेना म्हणून त्यांनी त्या पोरीच्या नवऱ्याचा हात धरला, कपाटाला लावला आणि दोघांनी मिळून ते ओढलं. नऊ वर्षं पाहुण्यारावळ्यांपासून डोळ्यांत तेल घालून लपवलेली ओल सगळ्यांसमोर उघडी पडली. जोडप्याचे चेहरे उतरले. दाराआडून माझ्या नवऱ्याने मला 'झकास' म्हणून अंगठा उंचावून दाखवला. आपली आई इतकी पोचलेली असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

सोमवारी एजंटचा फोन आला. ओल आहे म्हटल्यावर दातांच्या डॉक्टरने माघार घेतली होती, कारण त्याला दुरुस्तीच्या भानगडी नको होत्या. जोडप्याने ओल दाखवून किंमत पाडून मागितली होती. मालक कंटाळला होता, त्याने ती मान्य केली. आदल्या आठवड्यापर्यंत ते घर त्यांच्या आवाक्यात नव्हतं, आता आलं होतं. तुमच्या आजींचे फार आभार मानलेत त्यांनी, असंही एजंट म्हणाला. हे मात्र मी भाषांतर केलं नाही.

चार दिवस मी सासूबाईंशी कामापुरतंच बोलले. मला खरंच संताप आला होता. पाचव्या दिवशी धुतलेले कपडे घड्या करताना त्या आपणहून म्हणाल्या, "बाळाला खोकला झाला असता गं." मी म्हटलं, "हो, आई." एवढंच.

मग आम्ही घरं बघायला लागलो. इतके दिवस मी ज्यांना आकडे म्हणत होते ते सगळे आता मला जिन्यांवर भेटायला लागले, हातात अर्ज, पगाराचे कागद आणि आधीच्या मालकाची चिठ्ठी घेऊन. एका घरामागे पंचवीस-तीस कुटुंबं. काही चेहरे तर इतक्यांदा दिसले की आम्ही एकमेकांची विचारपूस करायला लागलो आणि मनातून एकमेकांना पाण्यात पाहायला लागलो. सासूबाई प्रत्येक रांगेत पुढच्या-मागच्या चार माणसांचे गुडघे आणि रक्तदाब माहीत करून घ्यायच्या. त्रेचाळीस दिवस गेले. नाकी नऊ आले, घर काही मिळेना.

चव्वेचाळिसाव्या दिवशी शाळेच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर एक घर मिळायची वेळ आली. भाडं परवडणारं, खोल्या दोन, आणि त्या दिवशी रांगेत आमचा नंबर पहिला. आत गेलो आणि नवऱ्याने नाक मुरडलं. बेसिनमध्ये खरकटी भांडी, बिछाना विस्कटलेला, वाटेतला बल्ब काढलेला, काहीतरी करपल्याचा वास. आधीची भाडेकरू बाई अजून तिथेच राहत होती. मालकाने भाडं वाढवलं होतं, तिला झेपत नव्हतं. नवं कुणी मिळालं नाही तर जुन्याच भाड्यात तिला राहू देईन, असं त्याने म्हटलं होतं, हे तिथल्या एजंटकडूनच कळलं. ती हाताची घडी घालून खुर्चीत बसली होती. कुणाकडे बघत नव्हती.

"घाणेरडं आहे, पण साफ करून घेऊ," नवरा कुजबुजला. "भर अर्ज."

मी अर्ज भरायला घेतला. सासूबाईंनी जाता जाता फ्रिजच्या माथ्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट मला दाखवलं. स्वच्छ होतं. मग मलाही दिसायला लागलं. खिडकीच्या काचा चकचकीत. फरशीचे कोपरे घासलेले. नळ तर आरशासारखा. खरकटी भांडी होती, पण ती आकाराप्रमाणे रचून ठेवली होती.

"आजचा पसारा आहे हा," सासूबाई हळूच म्हणाल्या. "बिचारीला जमला हो."

बाईने पहिल्यांदा मान वर केली. सासूबाईंचं बोट अजून हवेतच होतं. त्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि मी हातातल्या अर्जाकडे. नाव लिहून झालं होतं, कुटुंबातली माणसं चार लिहून झालं होतं. खिडकीतून मुलीच्या शाळेचं मैदान दिसत होतं. सासूबाईंनी मला चल म्हटलं नाही. म्हटलं असतं तर कदाचित मी भांडले असते. मी अर्जाची घडी केली आणि पर्समध्ये टाकली.

"अगं, काय करतेस!" नवरा म्हणाला.

"चला," मी म्हटलं.

जिन्यात रांग खालपर्यंत होती. पहिल्याच पायरीवर सासूबाई थांबल्या, कुणाच्या घराबद्दल आयुष्यात वावगं न बोललेल्या माझ्या सासूबाई, आणि त्यांनी चाळीसच्या चाळीस शब्द बाहेर काढले. नाक दाबून दाखवलं. दोन बोटं भिंतीवरून तुरुतुरु पळवून उंदीर दाखवला, आणि मग हात फाकवून तो किती मोठा तेही. एका आजीबाईंना छातीवर हात ठेवून करुण चेहऱ्याने काय सांगितलं ते कळलं नाही, पण आजीबाई बरोबरच्या नातवाला घेऊन लगेच उतरायला लागल्या. कुणीतरी माझ्या नवऱ्याला विचारलं, लिफ्ट तरी बरी आहे का? त्या लिफ्टची देखभाल तोच करतो. त्याने माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. "लिफ्टचं तर विचारूच नका," तो म्हणाला.

खाली येईपर्यंत निम्मी रांग पांगली होती. उरलेल्यांपैकी कुणी ते घर घेतलं की नाही, मला माहीत नाही. त्या क्षणी मला सासूबाईंचा अभिमान वाटला आणि रागही तितकाच आला. त्या फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसल्या. दम लागला होता. चष्मा काढून त्यांनी पदराने पुसला.

"आता आपण कुठे जायचं गं?" त्यांनी विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

मी त्यांच्या शेजारी बसले.

"माहीत नाही, आई," मी म्हटलं. "उद्या दोन बघायची आहेत. दहाला एक आणि साडेअकराला एक."