एबोनाइटची मूठ

चंद्रव्वाच्या दोन्ही हातांवर कोड होतं. बोटांपासून सुरू होऊन मनगटांपर्यंत पांढरं पसरलेलं. हे लागत नाही, असं डॉक्टरांनी तिच्या वडिलांना, नवी पेठेतल्या कापडवाल्या धोंडप्पांना, स्वच्छ सांगितलं होतं. पण डॉक्टरचं ऐकायचं ते गोळीपुरतं, बाकीचं शेजारणीचं, अशी आपल्याकडची रीत. त्यामुळे मुलींच्या त्या शाळेत, दहावीच्या वर्गात, तिची वही कुणी मागत नसे आणि फुगडीला तिचा हात कुणी धरत नसे.

धरायची ती एकटी सोजर. माळशिरसकडची, मामाकडे शिकायला आलेली, मोठ्या आवाजाची पोर. पहिल्याच दिवशी तिनं त्या हातांकडे बोट दाखवून दुखतं का म्हणून विचारलं, आणि नाही म्हटल्यावर तिच्यापुरता विषय संपला. शाळा सुटली की चंद्रव्वाचा हात धरून ती नवी पेठेतल्या गर्दीतून वाट काढायची. चंद्रव्वाला दिवसभर त्या वाटेचीच आस असायची.

शास्त्राला अण्णाराव सर होते. माणूस हुशार, जीभ मात्र विळीच्या पात्यासारखी. दहावीची बोर्डाची परीक्षा नवीनच सुरू झालेली, म्हणून सर हौसेनं प्रयोग करून दाखवत. एका काचेच्या बरणीला त्यांनी आतून-बाहेरून सिगारेटच्या पाकिटातली चांदी चिकटवली होती, झाकणातून पितळी गोळा वर काढला होता. वीज वाहते तेव्हा ती धारा, आणि ही बरणी वीज साठवते म्हणून हे धारित्र, असं त्यांनी शिकवलं. रांजण सावकाश रिकामा होतो, ही मात्र एका क्षणात सगळं ओतून मोकळी होते. आणि हात धरून उभ्या मुलींच्या साखळीतून धारा जाते ती सगळीकडे सारखीच. पहिलीला जेवढी तेवढीच शेवटचीला, मधे कुणाला सूट नाही. चाचणीत हे उत्तर अचूक लिहिणारी वर्गात एकटी चंद्रव्वा होती.

फेब्रुवारीतल्या एका कोरड्या दुपारी मोठ्या बाई प्रयोग बघायला येणार होत्या. सगळ्या मुलींनी हात धरून गोल साखळी करायची, पहिल्या टोकाला सर बरणी धरून उभे राहणार, शेवटच्या मुलीनं गोळ्याला बोट लावायचं. बारीकसा झटका सगळ्यांना एकदम बसतो, हीच त्यातली गंमत. मुली खिदळत उभ्या राहिल्या. सोजरनं चंद्रव्वाचा डावा हात धरला. उजवा हात चंद्रव्वानं पुढे केला आणि तो तसाच राहिला. शेजारच्या मुलीनं आपले दोन्ही हात पाठीमागे नेले होते.

"मग हिला टोकाला उभी करा की सर," सोजर म्हणाली. "दुसरा हात मोकळाच लागतोय तितं."

तोड बिनचूक होती. आज, एकदाच का होईना, चंद्रव्वा सगळ्यांबरोबर ओरडणार होती.

सरांनी चष्मा सारखा केला. "ती बरणी मला रोज हाताळावी लागते," ते म्हणाले. मग चंद्रव्वाला टेबलावरच्या यंत्राकडे बोट दाखवलं. काचेच्या तबकड्या हातानं फिरवून वीज तयार करायचं यंत्र होतं ते. "तू हे फिरव. मूठ एबोनाइटची आहे, कडक काळ्या रबराची. हिच्यातून इकडचं तिकडे काही जात नाही."

वर्ग हसला. पोटभर हसला. सरांनी सोजरचा दंड धरून तिलाच टोकाला उभं केलं, आणि तिकडे जाता जाता सोजरच्याही ओठांवर हसू आलं. ते ओशाळं होतं की खरं, हे कळायला चंद्रव्वा थांबली नाही. तिला ते सगळ्यात जास्त लागलं.

ती मूठ फिरवू लागली. बरणी यंत्राला जोडलेली होती. पुरे म्हणतो तेव्हा थांब, एवढंच सरांनी बजावलं होतं. पण तेवढ्यात मोठ्या बाई दारात आल्या आणि सर खुर्ची पुढे करायला, या या म्हणायला धावले. पुरे म्हणायला कुणी उरलं नाही. चंद्रव्वा फिरवत राहिली. तबकड्या तडतडू लागल्या, हवेला उग्र वास आला. काही मुली बाईंची नवी साडी बघण्यात गुंग होत्या. ओढण्या नीट करण्यात बाकीच्या. सोजर तेवढी टेबलाजवळ होती, आणि ती इकडेच बघत होती.

चंद्रव्वाला सगळं ठाऊक होतं. किती साठलंय तेही, आणि कुणालाच सूट नाही तेही. सोजर, तू बाजूला हो, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

सर परत आले, घाईघाईत तारा काढून बरणी उचलली आणि सोजरला मान हलवली. सोजरनं गोळ्याकडे बोट नेलं. ते टेकण्याआधीच फाडकन ठिणगी उडाली. साखळी एकदम किंचाळली, पोरी एकमेकींवर कोसळल्या, सरांच्या हातून बरणी सुटून फरशीवर फुटली. मोठ्या बाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. सोजर झटक्यानं भेलकांडली ती बाकाच्या कडेवर तोंडावर आदळली, आणि तिचा पुढचा दात ओठात घुसला.

चंद्रव्वा धावली. वर्गात सगळ्यात आधी तीच पोचली आणि तिनं उठवायला हात पुढे केला.

सोजर त्या हाताकडे बघत राहिली. हनुवटीवरून रक्त ओघळत होतं.

"तू फिरवत हुतीस ते मी बगत हुते," ती हळू म्हणाली. "म्हनलं, लई आसतं तर हिनं मला सांगितलं आसतं."

चंद्रव्वाचा हात तसाच पुढे राहिला.

"हात नगं लावू," सोजर म्हणाली.

हे शब्द चंद्रव्वानं लहानपणापासून ऐकले होते, घरोघरी, वर्गावर्गात. त्या सगळ्यांकडे कारण नव्हतं. सोजर बाकाला धरून स्वतःच उठली आणि ओठावर रुमाल दाबून बाहेर गेली. त्या संध्याकाळी नवी पेठेत नेहमीसारखीच गर्दी होती. चंद्रव्वा दोन्ही हात ओढणीत गुंडाळून त्या गर्दीतून एकटीच घरी गेली.