पिवळा डाग कोणाचा?

मी एक जुनी लिनोलियमची जमीन आहे. फरशी नव्हे, गालिचा नव्हे, आणि कृपा करून मला 'ते प्लास्टिक' म्हणू नका. प्लास्टिक शेजारी बाथरूमच्या बाहेर पसरले आहे. आमचे बोलणे नाही.

मित्रांनो (हा शब्द मी रीत म्हणून वापरते, तुमच्यातले किती जण चिखलाचे बूट काढून आत येतात, ते मला चांगले ठाऊक आहे), माझा जन्म कारखान्यात झाला. जवसाचे तेल, राळ, बुचाची पूड आणि लाकडाचा भुसा एकत्र मळून मला तरटावर लाटले आणि वाळण्यासाठी गरम खोलीत टांगून ठेवले. माणसांविषयीचे माझे मत तिथेच, टांगलेल्या अवस्थेत, तयार झाले. पुढे ते बदलावे असे फारसे काही घडले नाही.

मला निवडले आत्याने. ती इस्पितळात नर्स होती. जन्मभर वॉर्डातल्या लिनोलियमवर उभी राहिली, आणि निवृत्त होऊन भाच्याच्या घरी आली तेव्हा तिने एकच अट घातली: पायाला गार लागणारी फरशी नको. भाचा तोंड वाकडे करून तिला दुकानात घेऊन आला.

"बाई, हे प्लास्टिकचं घ्या," दुकानदार म्हणाला. "फडका मारला की चकाचक."

आत्याने पर्समधून किल्ली काढली आणि प्लास्टिकचा कोपरा खरवडला. रंग निघाला, खालून भलतेच काही दिसले. मग मला खरवडले. आतही तोच रंग.

"हे द्या," ती म्हणाली. "वरून एक आणि आतून एक मला चालत नाही. माणसंही अशीच खरवडून बघितली, म्हणून लग्न राहून गेलं."

ती फिकट राखाडी रंग निवडायला आत गेली. इकडे दुकानदाराने भाच्याला नीट समजावले, "साहेब, पलंगाखाली, कपाटाखाली अंधारात ही पिवळी पडते. घाबरू नका, उजेड दाखवला की उतरते. आणि जालीम काही ओतू नका हिच्यावर." भाचा फोनवर होता. "हो हो, करून टाका," असे तो म्हणाला. दुकानदाराला की फोनला, हे त्यालाही सांगता आले नसते.

आत्याने मला बरे वागवले, हे कबूल करते. घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायची, खुर्चीच्या पायांना जुन्या कोटाच्या कापडाचे मोजे शिवले होते. भाचेसून मात्र दारातूनच नाक मुरडायची. जवसाचा मंद वास तिला पहिल्यापासून खुपत होता. त्याहून जास्त खुपत होती ती त्या खोलीत राहणारी आत्या. तिला तिथे व्यायामाची खोली करायची होती.

एकदा भिंती रंगवायच्या म्हणून आत्याचा पेटीचा पलंग बाजूला सरकवला. खाली मी पिवळी. पलंगाच्या मापाची, कडा अगदी सरळ.

भाचेसुनेने पदर नाकाला लावला. "तरीच! मी म्हणतच होते, वास कसला येतो!"

"अगं, मी नाही," आत्या म्हणाली.

"आत्या, लाज कसली त्यात? वय होतंच माणसाचं."

इतक्या सरळ रेषेत कोणाला जमेल, एवढा साधा प्रश्न नवराबायकोपैकी कोणालाही पडला नाही. भाच्याने संडास धुण्याचे जालीम पाणी माझ्यावर ओतले आणि भाचेसुनेने तारेच्या ब्रशने घासले. पिवळेपणा तसाच राहिला. मध्यभागी माझी कातडी मात्र जळून पांढरीफटक, खरखरीत झाली. मग पलंग पुन्हा जागेवर आला, गादीवर रबरी कापड आले.

आणि खरे वाईट पुढेच झाले. जिने अख्ख्या वॉर्डाच्या चादरी बदलल्या होत्या, ती आत्या रोज सकाळी उठून स्वतःची चादर चाचपू लागली. चादर कोरडी असायची. तरी तिने दुपारनंतर पाणी पिणे सोडले. मी खाली पडून सगळे बघत होते. जमिनीला तोंड नसते, नाहीतर त्या घरात कोणालाही झोप लागू दिली नसती.

शेवटी भाच्याने विषय काढला. "आत्या, ते वृद्धाश्रम फार छान आहे. चोवीस तास नर्सेस असतात."

"अरे, मीच नर्स होते."

"म्हणूनच तर तुला करमेल."

जायच्या दिवशी आत्या बॅग भरून खुर्चीत बसली होती. भाचेसुनेला धीर नव्हता. आत्या घरात असतानाच हमाल बोलावून तिने भिंतीजवळचे कपाट हलवायला लावले. कपाट सरकले. खाली मी पिवळी. पलंगाखालच्यापेक्षा चांगलीच पिवळी, आणि पुन्हा कडा सरळ.

"इथंबी?" एक हमाल म्हणाला.

आत्याने चष्मा लावला. उठली, वाकून बघितले, मग हमालाला पलंग सरकवायला लावून तिथलेही बघितले.

"अगं सूनबाई," ती म्हणाली, "कपाटालाही आवरत नाही वाटतं. गाडीत त्यालाही घाला. तिथे चोवीस तास नर्सेस असतात."

हमाल हसला. भाचा माझ्याकडे बघत पुटपुटला, "दुकानदार काहीतरी म्हणाला होता... उजेडाचं."

"मग आत्तापर्यंत काय फोनवर होतास?" आत्या म्हणाली. "पलंग खिडकीपासून हलवा. पडदे काढा. आणि ही बॅग तू उघड. घड्या मोडू नकोस."

माफी कोणी मागितली नाही. त्या घरात तशी पद्धत नाही. पण आत्या त्याच दुपारी, सगळ्यांच्या देखत, तांब्याभर पाणी प्यायली.

तेव्हा मित्रांनो, माझी विनंती ऐका. दुसऱ्यांदा करणार नाही. मला खरवडून मग निवडा. पिळलेल्या फडक्याने पुसा. आणि माझ्यावर डाग दिसला, तर ब्रश उचलण्याआधी पडदा उघडा. उन्हाने माझा पिवळेपणा केव्हाच उतरला. ब्रशने केलेले मात्र गेले नाही, जाणारही नाही. भाचेसुनेने त्यावर गालिचा आणला होता. आत्याने तो परत पाठवला.

आता पाहुणे येतात, पांढरा चट्टा बघतात आणि विचारतात, "हा डाग कसला हो?"

आत्या कप खाली ठेवते आणि भाचेसुनेकडे बोट दाखवते.

"हिचा आहे. आम्ही काही बोलत नाही तिला. वय होतंच माणसाचं."