चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘निकेल नको’

मी एक जुनी कॅप आहे. डोक्यावरची नव्हे, दाढेवरची. मित्रांनो, माझी भावंडं आपली गोष्ट ताठ मानेने सांगतात. मला मात्र माझी सांगताना तोंड लपवावंसं वाटतं.

माझा जन्म एका लॅबमध्ये झाला. दातांचे डॉक्टर दाढेचं माप पाठवतात आणि तिथला कारागीर त्यावर मेणाचा नमुना करून धातू ओततो. माझ्या मापासोबत एक चिठ्ठी आली होती, ‘निकेल नको.’ मी ज्यांच्यासाठी होते, त्या शिवणकाम करणाऱ्या बाई. दाताने दोरा तोडून तोडून त्यांची दाढ तुटली होती. त्यांना निकेल सोसत नसे, नकली कानातलं घातलं की कान चिघळायचे.

कारागिराने बिननिकेलचा धातू काढला, पण तो जरासा कमी भरला. खणात आधीच्या ओतकामातला उरलेला गोळा होता. त्यात निकेल होतं. उरलंसुरलं नव्यात मिसळायची त्याला सवयच होती. “एवढ्याशाने काय होतंय!” असं म्हणत त्याने तो गोळा मुशीत टाकला. चिठ्ठी त्याने वाचलेली होती.

मला घासूनपुसून चकचकीत केलं गेलं. बाईंच्या तोंडात बसल्यावर डॉक्टरांनी आरसा धरला, तेव्हा त्या हसल्या. मलाही फार बरं वाटलं. ते सुख महिनाभर टिकलं.

मग त्यांची हिरडी लाल झाली, जीभ भाजल्यासारखी होऊ लागली. डॉक्टरांनी लॅबला फोन केला. “चिठ्ठीप्रमाणेच केलंय,” कारागीर म्हणाला. झालं, मी निर्दोष सुटले. नवरा म्हणाला, “डॉक्टर म्हणतात काही नाही, तर काही नाही. तुझ्या मनाचे खेळ आहेत.” सासूबाई म्हणाल्या, “दाढ कशी झळकतेय बघ, आणखी काय हवंय?” लोक माझं कौतुक करत होते आणि मी बाईंना आतून जाळत होते. दीड वर्षाने बाईंनी तक्रारच सोडली. कुणी विचारलं तर “काही नाही” म्हणायच्या. त्यांचा स्वतःवरचाच विश्वास उडाला होता. याची मला सगळ्यात जास्त शरम वाटते.

एके दुपारी त्या स्वतः लॅबमध्ये आल्या. कारागिराला म्हणाल्या, “दादा, तुमचं काम छानच आहे. दोष माझ्यातच असणार. फक्त जरा घासून देता का? कड टोचत असेल.”

कारागिराच्या हातातली कानस थांबली. त्याने ती बाजूला ठेवली. मग म्हणाला, “ताई, दोष तुमच्यात नाही. माझ्यात आहे.” त्याने गोळ्याचं सगळं सांगितलं. फोनवर खोटं बोललो, तेही सांगितलं.

बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “हे माझ्या घरी येऊन सांगाल?”

त्याने अ‍ॅप्रन काढला आणि तो त्यांच्याबरोबर निघाला. घरी कुणी बसा म्हटलं तरी तो बसला नाही. उभ्या उभ्या, नवरा आणि सासूबाईंसमोर, त्याने पुन्हा सगळं सांगितलं. मी तेव्हाही बाईंच्या तोंडातच होते. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला काढलं. बाईंनी मला कागदात गुंडाळून घरी आणलं, ती मी आजही शिलाई मशीनच्या खणात आहे. हिरडी काही आठवड्यांत बरी झाली.

मित्रांनो, वस्तूची निगा राखा, असं इतर वस्तू तुम्हाला सांगतील. मला तो अधिकार नाही. मी एवढंच मागते, घरातलं माणूस दुखतंय म्हणालं, तर त्याचं ऐका. त्या दिवशी कारागीर गेल्यावर नवरा बाईंना म्हणाला, “एवढं दुखत होतं, तर तू सांगायचं…” आणि तो मध्येच थांबला. कारण दीड वर्ष त्या रोज सांगत होत्या.