इतिहासाच्या सरांची पंचाईत

व्यंकटराव सरांना झोपेतून उठवून पानिपतची तारीख विचारा, चुकणार नाहीत. पण माणसांची नावं? राम राम! सत्तरी ओलांडली तशी ती पार पुसून गेली होती. आणि आज जिंतूर रोडवरच्या त्यांच्या जुन्या जिल्हा परिषद प्रशालेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा! म्हणजे जो तो पाया पडून एकच विचारणार, "सर, ओळखलं का?"

"सरळ सांगा की, न्हाई आठवत म्हणून," कुसुमबाई त्यांचा कोट झटकत म्हणाल्या.

"एक सन विसरला म्हणून पोरांना अंगठे धरून उभं केलंय मी. आता मीच विसरलो म्हणू? काय इज्जत राहील माझी?" सर नवऱ्याच्या हक्कानं बायकोवर तडकले.

ही शाळा आधी जिनिंगच्या जुन्या गोदामात भरायची. पोरं घरी जायची ती केसांत कापूस घेऊन. पुढं लोकांनी वर्गणी काढून खोल्या बांधल्या, भोवती कॉलन्या उठल्या, आणि त्या पोरांना आता केसच उरले नव्हते. ओळखायचं तरी कशावरून, सांगा!

पण सर पक्के. गेटातच पहिला जाडजूड गडी पाया पडला, तसा त्यांनी त्याचा कान धरला. "तुला विसरीन व्हय रे? लय छळलंस मला!"

गडी लाजून लाल. "बघ, सरांना सगळं आठवायलंय!" तो बायकोला ओरडून सांगायला लागला.

झालं! सरांची गाडी सुसाट सुटली. छळलं तर सगळ्यांनीच होतं. बायकांना "बडबड थांबली का गं?" आणि बाप्यांना कान. मंडपात हौसेनं जुने बाक आणि फळा मांडला होता. मेळावा जमवणारी मंजुषा माइकवरून म्हणाली, "काय स्मरणशक्ती आहे सरांची!" सर खुर्चीत फुगून बसले.

तेवढ्यात खांबाजवळून एक पन्नाशीचा माणूस टक लावून बघताना दिसला. सरांना चेव आला. त्याला माइकपाशी बोलावलं, कान धरला आणि गरजले, "मागच्या बाकावर चिंचोके खेळायचास ना रे?"

मंजुषा पुटपुटली, "सर, हे बजरंग. मंडपवाले. आपल्या शाळेत नव्हते."

कुणीतरी फस्सकन हसलं, आणि मग अख्खा मंडप. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मला कुणीच आठवत नाही रे," ते हळूच म्हणाले. "एकही नाही." माइक चालूच होता. हसणं थांबलं.

बजरंगनं कान सोडवून घेतला नाही. "असू द्या, सर. मी चौथीनंतर ढोरं राखली. शाळेच्या भिंतीकडनं जायचो. आत तुमी पोरांवर वरडलेलं ऐकू यायचं. वाटायचं, आपल्यावरबी कुणी असं वरडावं. आज वरडलात. लय बरं वाटलं बघा."

सरांना भरून आलं. "मग इतकी वर्षं गैरहजर कशाला राहिलास, गाढवा?" ते ओरडले. "जा, बाकावर बस!"

बजरंग गेला. मंजुषाही बाकावर जाऊन बसली आणि सरकून तिनं त्याला जागा दिली. सरांनी खडू मागितला. "नाव सांग. पूर्ण."

बजरंग हाताची घडी घालून उभा राहिला आणि बापाच्या नावासकट, खड्या आवाजात त्यानं नाव सांगितलं. सरांनी ते फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि पाठ होईपर्यंत वाचत राहिले.